साळीला तूस, ऐनाला साल

कल्याणहून माळशेजकडे निघालं की मुरबाड, सरळगाव, टोकावडे मागं पडतात आणि वैशाखरे येतं. समोर सह्याद्रीची भिंत उभी असते. तिच्यात नाणेघाटाची खाच आणि खाचेशेजारी नानाचा अंगठा. पावसाळ्यात शनिवार-रविवारी इथून गाड्यांची रांग घाटाकडे सरकत असते. रस्त्याच्या कडेला शेगडीवर मक्याची कणसं भाजली जातात, पातेल्यात भुईमुगाच्या शेंगा उकडत असतात. गाड्या पुढं जातात, मागं कचरा उरतो. कणसाची सोलपटं, शेंगांची टरफलं, केळ्याच्या साली, पिळून टाकलेली लिंबं.

खराट्याला हा सगळा एकच ढीग. मराठीला मात्र तो एक नाही. शेंगेची ‘साल’ कोणी पायदळी तुडवत नाही आणि केळ्याच्या ‘टरफला’वरून कोणी घसरत नाही. शेंगेला टरफल आणि केळ्याला साल, हे कोणी कोणाला शिकवलेलं नसतं. चार-पाच वर्षांचं मूलही त्यात चुकत नाही.

आतल्या मऊ, नाजूक, कामाच्या वस्तूला बाहेरून जपणारं जे चिवट आवरण, त्याला मराठीत एक नाव नाही, दोन-तीन डझन नावं आहेत. नारळाचं बाहेरचं तंतुमय आवरण म्हणजे सोडण, त्याच्या आत करवंटी आणि खोबऱ्याला चिकटलेली तपकिरी पातळ पाठ. तांदळाला आधी तूस, मग कोंडा. माशाला खवले, कासवाला ढालीसारखी पाठ, सापाला कात. जखमेवर खपली धरते, भिंतीचा पोपडा सुटतो, भाकरीला पापुद्रा येतो. या सगळ्या गोतावळ्यात सर्वांत मोठा संसार ‘साल’ या शब्दाचा. आंब्याची साल, बटाट्याची साल, बाभळीची साल. अनेकवचनात कोणी ‘साली’ म्हणतं, कोणी ‘सालं’. गुडघा खरचटला की त्याचं सालपट निघतं आणि मास्तरांची छडी चालत होती त्या काळात पाठीची सालटी निघत.

मग साल कशाला म्हणायचं आणि कशाला नाही?

वापर नीट पाहिला तर मराठी माणूस ही वाटणी हातानं करतो, असं दिसतं. जे आवरण आतल्या गराला किंवा लाकडाला चिकटून असतं, ओलसर असतं आणि सुरीनं किंवा नखानं पट्टीसारखं ओढून काढता येतं, ती साल. जे वाळलेलं असतं आणि दाबलं की कडकन फुटतं, ते टरफल. म्हणून एकाच शेंगेत दोन्ही नांदतात. बाहेरचं फुटतं ते टरफल, आणि दाणे भाजून तळहातावर चोळले की फुंकरीनं उडते ती लालसर पातळ साल. लोकमान्य टिळकांच्या शाळेतली शेंगांची गोष्ट मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते, तिच्यातही वर्गभर पडलेली असतात ती टरफलंच. अंड्यालाही टरफलच, कारण तेही फुटतं. करवंटी फुटते खरी, पण फुटूनही भांड्याचा आकार सोडत नाही, म्हणून तिला वेगळं नाव मिळालं आणि कोकणात तिला दांडा बसवून डवलीही झाली. आवरण फेकायचं, जाळायचं, वळायचं की पुन्हा वापरायचं, यावर त्याचं नाव ठरत गेलं आहे.

आता या ‘साल’ शब्दाचीच साल काढून पाहू.

हिंदीत झाडाच्या सालीला छाल म्हणतात, गुजरातीतही छाल, बंगालीतही जवळपास तेच. मराठीत आणि कोकणीत मात्र साल. एवढ्यावरून छालची साल झाली, की सालची छाल? उत्तर प्राकृतात मिळतं. हरगोविंददास शेठ यांच्या ‘पाइअसद्दमहण्णवो’ या प्राकृत शब्दकोशात ‘छल्ली’ हा शब्द आहे, अर्थ त्वचा, साल. संस्कृत कोशांतही छल्ली सापडते, पण वल्क, वल्कल, त्वच् या शब्दांना वाङ्मयात जो मान आहे तो तिला नाही. ती बोलण्यातली, रानावनातली. राल्फ टर्नर यांनी १९६० च्या दशकात भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश प्रसिद्ध केला, तेव्हा छाल आणि साल या बहिणींना त्यांनी याच छल्लीच्या घरात बसवलं.

म्हणजे मूळचा छ मराठीत येताना स झाला. ही एका शब्दापुरती झालेली चूक नव्हे. मराठीची ती खोडच आहे. हिंदीतली छुरी आपली सुरी. तिकडे छाँव, इकडे सावली. तिकडचा कछुआ इकडे कासव, मछली आली की मासा, बछड़ा आला की वासरू. छच्या पुढं इ किंवा ए आला तर मराठी स न म्हणता श म्हणते. म्हणून तिकडे छींक आणि इकडे शिंक, तिकडे छेरी आणि इकडे शेळी. संस्कृतातल्या ‘क्ष’चाही प्राकृतात पुष्कळदा छ झाला आणि मराठीत त्याचीही हीच गत झाली. मक्षिकेची माशी, क्षेत्राचं शेत, इक्षूचा ऊस. हिंदीनं याच शब्दांसाठी दुसरी वाट धरली, म्हणून तिथं मक्खी, खेत आणि ईख.

ज्यूल ब्लॉक या फ्रेंच अभ्यासकानं मराठीच्या घडणीवरचा आपला ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध केला. असे नियम त्यानं त्यात एकेका ध्वनीचा माग काढत मांडले. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला. मग छत्री, छाप, छंद या शब्दांत छ कसा टिकला, असा प्रश्न कोणीही विचारेल. ते शब्द पुढं संस्कृतातून थेट किंवा शेजारच्या भाषांतून आले. जुन्या वाटेनं चालत आलेल्यांचा छ वाटेतच झिजला.

ही जुनी वाट वैशाखऱ्याला डोळ्यांनी दिसते. गावापुढून नाणेघाटाची चढण सुरू होते. जुन्नरच्या बाजारपेठेला कोकणातल्या बंदरांशी जोडणारा हा सातवाहनांच्या काळातला रस्ता. माथ्यावरच्या गुहेत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. राणी नागनिकेशी जोडलेला हा लेख यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दानांची यादी सांगतो. किती गाई दिल्या, किती नाणी दिली, ते आकड्यांसह. लेखाची भाषा प्राकृत आहे. ‘दक्षिणा’ तिथं ‘दखिना’ अशी कोरलेली आहे आणि ‘कार्षापण’ या नाण्याचं ‘काहापन’ झालेलं आहे. संस्कृतातली जोडाक्षरं घाट चढता-उतरता कशी गुळगुळीत होत होती, ते त्या भिंतीवर वाचता येतं. याच प्राकृताच्या कुळात पुढं मराठी जन्मली. छल्लीची साल झाली ती या प्रवासात.

साल शब्दात आणखी एक खूण लपलेली आहे आणि ती पहिलीपेक्षाही मजेची आहे. ती शेवटच्या ‘ल’मध्ये आहे.

मराठीत ल आणि ळ यांची वाटणी लहरीनं झालेली नाही. प्राकृतात दोन स्वरांच्या मध्ये एकटा ल असेल तर मराठीत त्याचा ळ होतो. फल म्हणजे फळ, मूल म्हणजे मूळ, कुल म्हणजे कूळ. पण प्राकृतात तिथं जोड ‘ल्ल’ असेल तर मराठीत एक ल गळतो, दुसरा ल राहतो, त्याचा ळ होत नाही. गल्लाचा गाल, वल्लीची वेल, बिल्वाचं आधी बिल्ल आणि मग बेल. ‘काल’ म्हणजे वेळ, त्याचा ‘काळ’ झाला. ‘कल्य’ म्हणजे उजाडता दिवस, त्याचं ‘कल्ल’ झालं आणि त्यातून आपला ‘काल’ आला, गेलेला दिवस. वरवर सारखे दिसणारे दोन शब्द एका ल-ळच्या फरकानं आपलं मूळ सांगून जातात.

छल्लीत ल्ल आहे, म्हणून साल. साळ मात्र वेगळी. साळ म्हणजे भात, सालीसकट असलेला तांदूळ. तो शब्द संस्कृत ‘शालि’चा. तिथला ल एकटा होता, म्हणून त्याचा ळ झाला. वैशाखऱ्याच्या आसपास पावसाळ्यात खाचरांमधून हिरवी दिसते ती साळ आणि बांधावरच्या झाडाच्या अंगावर असते ती साल. कानाला जवळचे हे दोन शब्द नात्यानं एकमेकांचे कोणीही लागत नाहीत.

याच कसोटीवर वल्कल घासून पाहण्यासारखं आहे. वल्क म्हणजे झाडाची साल, वल्कल म्हणजे सालीचं वस्त्र. रामायणातल्या वनवासाच्या प्रसंगात कैकेयी वल्कलं पुढं करते आणि ती नेसायची कशी, हे सीतेला उमगत नाही. ते दृश्य कीर्तनांतून, चित्रांतून मराठी मनात पक्कं बसलं आहे. आज वल्कल हा शब्द पोथीतच राहिला असं वाटतं. पण वल्कचं प्राकृतात वक्क झालं आणि मराठीत वाक किंवा वाख, म्हणजे दोर वळायला अंबाडीपासून, घायपातापासून काढतात तो धागा. वल्कलचं झालं वक्कल आणि पुढं वाकळ. शेवटचा एकटा ल नियमाप्रमाणं ळ झाला. सालीचं वस्त्र गेलं, जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवून केलेलं पांघरूण आलं, नाव तेच राहिलं. घरोघरी आजीच्या हातच्या वाकळीत शिरणाऱ्या पोरांनी नकळत वल्कलच पांघरलेलं असतं.

आणखी एक साल वाटेत आडवं येतं, त्याची ओळख करून घेऊन पुढं जाऊ. ‘गेल्या साली पाऊस बरा झाला’ यातलं साल फारसीतून आलं. फारसीत साल म्हणजे वर्ष. सालगडी, सालदार, सालाबादप्रमाणे हे त्याचे सोयरे. त्याचा झाडाच्या सालीशी काही संबंध नाही. हिंदी मुलखात साल नावाचा वृक्षही आहे. तो संस्कृत शाल, म्हणजे आणखी तिसरं घराणं.

सालीची खरी सख्खी बहीण शोधायची तर स्वयंपाकघरात जावं लागतं. तिचं नाव सोल. कोकमाचं फळ फोडून बी काढतात आणि बाहेरचं जाड आवरण रसात भिजवून उन्हात वाळवतात, पुन्हा भिजवतात, पुन्हा वाळवतात. ते सोल. आमसोल किंवा आमसूल यातला उत्तरार्ध हाच. सोलकढी म्हणजे या आवरणाची कढी. फळ सोलून साल टाकून द्यायची ही जगाची रीत, कोकणानं इथं ती उलटी फिरवली. सोलणे हे क्रियापद याच कुळातलं. बाराव्या शतकातल्या हेमचंद्रानं आपल्या व्याकरणात, अपभ्रंशाच्या प्रकरणात, तासणे या अर्थाच्या संस्कृत ‘तक्ष्’ धातूऐवजी ‘छोल्ल’ येतो, असं सूत्रच दिलं आहे. छोल्लमधल्या छचा स झाला, ल्लचा ल झाला. दोन्ही नियम पुन्हा लागू पडले आणि मराठीला सोलणं मिळालं. रस्त्याकडेच्या कणसाची ‘सोलपटं’ याच धाग्यातली.

शब्द इतका सोलल्यावर ज्या वस्तूचं तो नाव आहे तिच्याकडंही जवळून पाहायला हवं. त्यासाठी ऐनाच्या झाडाइतकं चांगलं उदाहरण मुरबाड-शहापूरच्या रानात नाही.

जुना ऐन ओळखायला पान पाहावं लागत नाही. खोडावर उभ्या-आडव्या खोल भेगा पडून काळपट करड्या रंगाचे चौकोनी तुकडे झालेले असतात, थेट मगरीच्या पाठीसारखे. बोट भेगेत घातलं तर पेरभर आत जातं. तुकडा नखानं हलत नाही, कोयत्याच्या पाठीनं ठोकला तर कोरडा, बसका आवाज येतो. तुकडा निघाला की खाली ओलसर, तांबूस, धागेदार थर दिसतो. साल एक नसते, दोन असतात, हे इथं डोळ्यांना दिसतं. बाहेरची मेलेली, आतली जिवंत. पानांनी तयार केलेलं अन्न आतल्या थरातून खाली मुळांकडे उतरतं. म्हणून झाडाच्या खोडाभोवती सालीची बांगडीएवढी पट्टी जरी आतपर्यंत काढली, तरी झाड लगेच न पडता उपाशी राहून हळूहळू मरतं.

बाहेरच्या मेलेल्या थराचं काम पाणी आत राखणं, कीड आणि आग बाहेर ठेवणं. त्याच्या पेशींच्या भिंतींत मेणासारखा, पाण्याला दाद न देणारा पदार्थ साठतो आणि मग पेशी मरतात. उरतात त्या हवेनं भरलेल्या रिकाम्या खोल्या. या खोल्या पहिल्यांदा दिसल्या त्याही सालीतच. १६६५ मध्ये रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानं बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बूच म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका ओक वृक्षाची साल. त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. त्यांना त्यानं कोठडी या अर्थाचा जो शब्द वापरला, तोच आज जगभर पेशीसाठी चालतो. जीवशास्त्राचा पाया झालेली ती कल्पना सालीच्या एका कापातून निघाली.

ऐनाला या जाड अंगरख्याची गरज का, हे ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या भातशेतीला विचारावं. इथं रोपं टाकण्याआधी जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. शेण, पालापाचोळा, गवत आणि झाडांचा टहाळ, म्हणजे पाल्यासकट तोडलेल्या फांद्या, रोपाच्या जागेवर पसरायच्या, वर माती टाकायची आणि पावसाळ्याआधी पेटवायचं. तण आणि किडी जळतात, राख खत होते, मग तिथं भात पेरायचं आणि रोपं वर आली की आवणी करायची. टहाळासाठी ऐनाला मोठी मागणी. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरनंही राबाची दखल घेतली आहे. दरवर्षी तोडून तोडून ऐन खांबासारखे उभे राहतात, उन्हाळ्यात रानात वणवा फिरतो, तरी पुढच्या पावसात त्याच खोडांना पालवी येते. जाड सालीखालचा जिवंत थर शाबूत राहिलेला असतो.

झाडाची साल माणसानं आपल्या कामाला जुंपली त्याच्या कहाण्या तर न संपणाऱ्या. कुड्याची साल पोटाच्या विकारांवर, अर्जुनाची साल हृदयासाठी, हे आयुर्वेदाच्या दुकानात आजही मिळतं. दालचिनी ही साल, पण तिच्या फारसी नावाचा अर्थ ‘चीनचं लाकूड’. भूर्जपत्र ही तर शुद्ध साल. काश्मीरकडच्या भूर्ज वृक्षाचे कागदासारखे पापुद्रे काढून त्यावर पोथ्या लिहिल्या गेल्या आणि नाव पडलं पत्र, म्हणजे पान. लॅटिनमध्ये उलटं घडलं. तिथं झाडाच्या आतल्या सालीसाठी असलेला ‘लिबेर’ हा शब्दच पुढं पुस्तकाचा वाचक झाला. आज गावागावांत पाटीवर दिसणारी ‘लायब्ररी’ त्या सालीतून निघाली आहे.

बाभळीच्या आणि तरवडाच्या सालीचं काम वेगळंच. त्यांच्यात टॅनिन भरपूर असतं. कच्चं कातडं सालीच्या काढ्यात भिजत ठेवलं की टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरतं, कातडं कुजायचं थांबतं, चिवट होतं. याला मराठीत कातडं कमावणं म्हणतात. मोट, पखाल, वहाण ही सगळी कमावलेल्या कातड्याची. झाडाची साल उतरवायची आणि जनावराच्या सालीला ती पाजायची, असा हा व्यवहार.

कातडं, कातडी आणि सापाची कात यांचं मूळ संस्कृतातल्या ‘कृत्ति’त, म्हणजे चामड्यात, शोधलं जातं. शंकराला कृत्तिवास म्हणतात तो चर्म पांघरणारा म्हणून. याच भागातल्या कातकऱ्यांच्या नावातला कात मात्र हा नव्हे. तो विड्यात घालायचा कात, ‘क्वाथ’ म्हणजे काढा या शब्दातून आलेला. खैराच्या लाकडाचा काढा आटवून तो करायचा हा त्यांचा जुना व्यवसाय. त्यासाठी खैराची साल आणि बाहेरचं फिकट लाकूड तासून टाकतात आणि आतल्या लाल गाभ्याच्या ढलप्या उकळतात. एक कात सगळ्यात बाहेरची, दुसरा कात सगळ्यात आतला.

आता पुन्हा साळीकडे.

भाताचा एक दाणा तळहातावर घेतला तर तो पिवळसर, खरबरीत लागतो. टोकाला कधी बारीकसं कुसळ असतं. अंगठ्याच्या नखानं कडेची शीर दाबली की दोन होड्यांसारख्या सालपटांत तो उघडतो. एक होडी मोठी, दुसरी लहान, कडा एकमेकींत अडकवलेल्या. आत तांबूस, किंचित तेलकट दाणा. होड्या म्हणजे तूस. तांबूस थर म्हणजे कोंडा. त्याच्या खाली पांढरा तांदूळ. घिरटावर किंवा जात्यावर भरडलं की तूस सुटायचं, उखळात सडलं की कोंडा. पहिल्या कामाला भरडणं आणि दुसऱ्याला सडणं, असे दोन शब्द भाषेनं ठेवले, कारण कामं दोन होती. गिरणी आल्यावर दोन्ही एका दमात व्हायला लागली आणि ‘हातसडीचा’ हे तांदळाच्या पिशवीवर छापायचं विशेषण झालं.

तूस हा सरळ संस्कृत ‘तुष’. शंभर किलो भातात साधारण वीस किलो तूसच निघतं. बैल ते खात नाही, ते लवकर कुजतही नाही. कारण भाताचं रोप मातीतली सिलिका, म्हणजे वाळूतलाच पदार्थ, पाण्यातून शोषतं आणि तुसात भरून ठेवतं. दाण्याभोवती जणू काचेचा मुलामा. तुसाच्या राखुंडीनं दात घासायची पद्धत कोकणात होती. त्या राखेचा खरखरीतपणा या सिलिकेचाच.

दाणा भरलाच नाही तर आत काही नसतं, तूसच तेवढं. पाखडताना सुपातून ते आधी उडतं. ते फोल. अंदाज फोल ठरला, प्रयत्न फोल गेला, असं लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढं आज सूप नसतं. पण शब्द सुपातूनच उडून आला आहे.

कोंड्याची कहाणी तुसापेक्षा गोड. पालीत त्याला ‘कुंडक’ म्हणतात आणि जातककथांत एक कथाच कुंडकपूवाची, कोंड्याच्या पोळीची आहे. गावातले लोक वृक्षदेवतेला पक्वान्नं वाहतात. एका गरिबाकडे कोंड्याची पोळी तेवढी असते आणि ती वाहायला तो लाजतो. एरंडाच्या झाडातली देवता ती मागून घेते आणि त्याला झाडाभोवती पुरलेल्या धनाचा ठाव सांगते. मराठीत ‘कोंड्याचा मांडा करणं’ म्हणतात ते गृहिणीच्या अशाच शहाणपणाला. हाताशी कोंडा असताना पानात मांडा वाढता येणं ही कला मानली गेली.

या कोंड्याची खरी किंमत मात्र जावा बेटावर कळली. १८९० च्या दशकात क्रिस्तिआन आयकमन हा डच वैद्य तिथं बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होता. पाय लुळे करणारा हा रोग त्याला कोंबड्यांत दिसला. सडून पांढरा केलेला भात खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडत आणि कोंड्यासकट तांदूळ मिळाला की बऱ्या होत. तांदूळ पांढराशुभ्र करण्याच्या नादात त्याच्या सालीतलं जे जीवनसत्त्व टाकून दिलं जात होतं, ते पुढं बी-१ म्हणून ओळखलं गेलं. आयकमनला १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. उखळात मुसळानं सडलेल्या तांदळाला थोडा तांबूस कोंडा राहूनच जाई. बायकांच्या दमलेल्या हातांनी राखलेला तो थर होता.

आज तो कोंडा गिरणीतून तेल काढायला जातो. तुसाची पोती वीटभट्ट्यांकडे जातात. भातकापणी आटोपली की ठाणे जिल्ह्यातल्या भट्ट्या सुरू होतात आणि कातकरी कुटुंबं गावं सोडून तिथं मजुरीला जातात. भट्टीत तूस धुमसत जळतं. भट्टी निवल्यावर विटांच्या फटींतून राख काढतात, तेव्हा ती नीट पाहावी. पूर्ण जळलेली राख पांढरी असते, चिमटीत धरेपर्यंत तिच्यातल्या कणाकणाला भाताच्या दाण्याचा आकार असतो. दोन्ही होड्या, कडेची शीर, टोक, सगळं जागच्या जागी. तुसातलं जळण्यासारखं होतं ते जळून गेलेलं आणि सिलिकेची साल तेवढी उरलेली. बोटं मिटली की तिचं पीठ होतं.